कपाचा आवाज

सकाळी आलं ठेचल्याचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरातली एक जुनी सकाळ आठवते. दृष्टी गेल्यावर हे अंधांच्या सेंटरला जायला लागले होते, पण घरात गॅसजवळ मी त्यांना फिरकू देत नव्हते. त्या दिवशी ह्यांनी हट्टाने चहा केला आणि थेंबही न सांडता कपात ओतला.

"अहो, कप भरला हे कळलं कसं?"

"भरत आला की आवाज चढत जातो गं. सेंटरमधल्या बाईंनी ऐकायला शिकवलं."

माझा नुसता जळफळाट झाला. जन्मात माझं एक ऐकलं नाही, आणि त्या बाईंनी ह्यांना कप ऐकायला शिकवला!

आता रोज आयता चहा मिळतो. "बाईंना एकदा चहाला बोलवू या," हे अजून म्हणतात.

मी नेमका तेव्हाच मिक्सर लावते.