म्हाळूच्या गाडीला लोकर आली

म्हाळूला गाडी घेऊन दोन वर्षं झाली, पण त्याचा बाप धोंडीराम अजून एकदाही तिच्यात बसला नव्हता. बाकी सगळं गाव बसून झालं होतं. बाळंतिणी बसल्या, नवरदेव बसले, अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट बसले, एकदा तर कुणाची तरी तीन करडं मागच्या सीटवर बसून माजलगावला जाऊन आली. म्हातारा मात्र कुठंही जायचं असलं की पिशवी घेऊन फाट्यावर उभा राहायचा आणि एसटीला हात करायचा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट नेते, हे त्याच्या चांगलंच पथ्यावर पडलं होतं.

"सरकार बोलावून बोलावून नेतंय," तो म्हणायचा, "मग तुझ्या डबड्यात मी कावून बसू?"

खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. गाडीच्या आधी मेंढरं होती. धोंडीरामाने पन्नास वर्षं राखलेला कळप म्हाळूने विकला, कारण चरायचं रान सगळं उसाखाली गेलं होतं आणि चाळिशीतच म्हाळूचे गुडघे त्याच्या बापापेक्षा जास्त कुरकुरत होते. म्हाताऱ्याला विचारूनच विकला. तो हो म्हणाला होता. पण गाडी दारात आली त्या दिवशी तो तिच्याकडे पाठ करून बसला, आणि बसायची ती जागा त्याने नंतर बदललीच नाही.

म्हाळूही तसा ड्रायव्हर कमी आणि मेंढपाळ जास्त होता. गाडी तो मेंढरं कोंडायच्या जागेवर, लिंबाखालीच उभी करायचा. सकाळी ती चालू झाली नाही तर आधी बॉनेटवर तळहात ठेवून अंगात ताप आहे का बघायचा. प्रवासी भरले की प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजायचा. एका मास्तरणीने त्यावरून तक्रार केली, तेव्हापासून बायकांना लांबून बोटाने मोजतो.

या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीच्या, सुंदरबाईच्या मुलाचं, अंगदचं लग्न निघालं. चकलांब्याला. म्हाळू नवरदेवाचा मामा. आहेर, फेटा, मान, कशाचंच त्याला फारसं काही नव्हतं. त्याला एकच हवं होतं. मांडवासमोर गाडी थांबावी आणि सगळ्या भावकीच्या देखत आबांनी, म्हणजे बापाने, पुढच्या सीटवरून उतरावं. बायकोला, साखराबाईला, त्याने हे चार वेळा बोलून दाखवलं. ती म्हणाली की म्हाताऱ्याला काही विचारू नका, विचारलं की ते नाही म्हणतात, आणि एकदा नाही म्हटलं की त्यांना ते पाळत बसावं लागतं.

लग्नाला चार दिवस राहिले असताना धोंडीराम तंबाखू मळत गाडीजवळून चालला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो थांबला आणि वाकून चाकाकडे बघू लागला. गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेने क्रोमची चाकं बसवली होती. घेतली तेव्हा त्यात तोंड दिसायचं. पण बोअरच्या क्षाराच्या पाण्याने आणि काळ्या मातीने आता ती करडी पडली होती आणि कडेकडेने पांढरे पापुद्रे धरले होते.

"खुरी लागलीय हिला," म्हातारा म्हणाला. "मेंढरू असतं तर वेगळं बांधलं असतं."

म्हाळूला आधी राग आला. मेंढरांच्या पायांचा रोग गाडीला लावायचा म्हणजे काय. मग जेवताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आबांनी गाडीकडे बघितलं तरी. पाय तपासले. चाकं आरशासारखी झाली तर कदाचित बसतीलही.

त्याने अंबाजोगाईला कॉलेजात असलेल्या मुलीला, मोहिनीला फोन केला. तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस ड्रिल मशीनला लोकरीची गोल गादी लावतो, पॉलिश फासतो, मशीन फिरवतो, चाकावर काळा राडा होतो, तो थोडा वेळ वाळू देतो आणि फडक्याने पुसला की खाली आरसा. ड्रिल घरात होतं. टीव्ही भिंतीला टांगायला घेतलेलं. राहिली लोकर आणि पॉलिश.

माजलगावच्या बाजारात बद्रीनाथचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने पॉलिशचा डबा काढला, रबरी चकती काढली आणि शेजारी एक पांढरी शुभ्र गादी ठेवली. अस्सल मेंढीची लोकर, म्हणाला. म्हाळूने ती उचलली, दोन बोटांत धागा ओढून पाहिला, वास घेतला.

"शेठ, मेंढीची लोकर तुमी मला विकता?"

बद्रीनाथने समजावलं की ही बाहेर देशातली आहे, मऊ असते, चाकाला ओरखडे पडत नाहीत. मऊ म्हटल्यावर म्हाळूचं मन अजूनच उतरलं.

"ही कोकराची हाय. हिच्यात दम न्हाई," तो म्हणाला आणि डबा आणि चकती तेवढी घेऊन आला.

घरी ट्रंकेत एक कोरी घोंगडी होती, स्वतःच्या कळपाच्या लोकरीची, शेवटची विणून घेतलेली. आपल्याकडच्या मेंढीची लोकर म्हणजे अंगाला टोचते, काट्यांना दाद देत नाही आणि पाऊस आत येऊ देत नाही. पावसाला अडवणारी लोकर चाकावरच्या मळाला काय ऐकणार, असा म्हाळूचा हिशोब. कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं असतं, हे तो जन्मापासून जाणत होता. त्या वेळी ते आठवलं नाही इतकंच.

साखराबाई दुपारी शेजारून आली तर घोंगडीला चार गोल भोकं होती. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "जेवायच्या ताटलीनं मापलं की बशीनं?"

"बशीनं."

"मग बरं," ती म्हणाली, आणि भोकं आत जातील अशी घडी घालून तिने घोंगडी ट्रंकेच्या तळाला ठेवली. लग्न पार पडेपर्यंत सासऱ्याच्या नजरेला पडू नये एवढाच तिचा विचार.

हळदीच्या दिवशी सकाळी म्हाळूने रबरी चकतीवर घोंगडीचा पहिला गोल तुकडा बसवून ती ड्रिलला लावली. पॉलिश फासलं आणि बटण दाबलं. पहिला तळहाताएवढा तुकडा खरंच चमकला. त्याने साखराबाईला हाक मारून दाखवला. मग चाकावर काळा राडा व्हायला लागला. व्हिडिओत झाला होता तसाच, म्हणून म्हाळू खूश झाला. मळ सुटतोय. चारही चाकं त्याने तशीच रगडली आणि वाळायला ठेवून भाकरी खायला बसला. व्हिडिओतला माणूस पाच मिनिटं थांबला होता. म्हाळूने भाकरीवर भाकरी घेतली आणि अर्धा तास गेला. बाहेर ऊन एप्रिलचं होतं.

फडकं घेऊन आला तर फडकं चाकाला चिकटलं ते निघेना. पॉलिशच्या ओलीने खळ सुटली होती, ड्रिलच्या गरमीने शिजली होती आणि उन्हाने वाळली होती. तिच्यात घोंगडीचे केस उभे रुतून बसले होते. चारही चाकांना बोटभर काळं दाट केसाळ अंग आलं होतं.

शेजारच्या केसरबाईने कुंपणावरून बघितलं. "म्हाळूभाऊ, गाडीला लोकर आली की," ती म्हणाली. "कातरायची कवा?"

तेवढ्यात धोंडीराम बाहेर आला. धोतर, फेटा, पिशवी, वरच्या खिशात आधार कार्ड. तीनची एसटी गाठायची म्हणून तो दोन तास आधीच निघाला होता. गाडीजवळ त्याचे पाय थांबले. पिशवी खाली ठेवून तो उकिडवा बसला, चाकावरचे चार केस उपटले आणि बोटांत मळून बघितले. म्हाळू हातात ड्रिल घेऊन चोरासारखा उभा.

"ही आपल्या भुरीची लोकर हाय," म्हातारा म्हणाला.

म्हाळूने ड्रिल पाठीमागे घेतलं.

"पोटाखालची न्हाई, पाठीवरची. कुठून आली?"

नवरा काहीतरी खोटं बोलायच्या आत साखराबाईने सांगून टाकलं की ट्रंकेतल्या घोंगडीची. आता काय ऐकावं लागतंय म्हणून दोघं वाट बघत राहिले. धोंडीराम उठला, घरात गेला आणि आढ्याला खोचलेली मेंढरांची कातर घेऊन आला.

"पाणी मारू नगंस," त्याने म्हाळूला बजावलं. "खळ हाय ती. आधी कातरायचं, मग ऊन पाणी. धर."

त्याने टायरला गुडघा टेकवला, मेंढराला टेकवतात तसा. चाक कुठं पळून जाणार नव्हतं, तरी म्हाळूने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मग म्हातारा बोलायला लागला. कळप गेल्यापासून त्याच्या तोंडून त्यातल्या एकाही मेंढराचं नाव निघालं नव्हतं. आता कातरीच्या तालावर भुरीचं सगळं चरित्र निघालं. ती चकलांब्याच्या रानात दोन दिवस हरवली होती आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कळपातून, तिथलं एक मेंढरू मागं घेऊन परत आली होती. ते मेंढरू परत करायला गेलेल्या धोंडीरामालाच लोकांनी चोर ठरवलं होतं. केसरबाई कुंपणावर हनुवटी ठेवून ऐकत होती. साखराबाई ऊन पाणी ओतून चाक पुसत होती. लोकर आणि मळ निघून खाली क्रोम दिसत होतं, पण त्यावर गोल गोल ओरखडे. म्हाळूने ते बघितले आणि बद्रीनाथ आठवून मान खाली घातली.

दोन चाकं झाल्यावर साखराबाईने चहा आणला. तिसरं चाक निम्मं झालं असताना फाट्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. म्हाळूने तोंड उघडलं. साखराबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि रिकामी घागर बादलीवर आदळली. मोठा आवाज झाला. म्हाळूने तोंड मिटलं.

तिसरं चाक पुसून झाल्यावर म्हाताऱ्याने मान वर करून लिंबाची सावली बघितली.

"तीनची गेली काय?"

"गेली," साखराबाई म्हणाली.

"आत्ता?"

"मघाशीच."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमच्या हातात कातर होती, मामंजी."

पुढची एसटी सहाची होती आणि हळद पाचला. म्हणजे आजाशिवायच अंगदला हळद लागणार. धोंडीरामाने कातर पुसली, खिशातलं आधार कार्ड चाचपलं, परत ठेवलं. चौथं चाक तसंच केसाळ होतं. म्हाळूने काही न विचारता गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"मागं कुणाला बसवतो?" म्हातारा म्हणाला आणि पुढं जाऊन बसला.

चकलांब्यापर्यंत तो तीनदा बोलला, तिन्ही वेळा हळू चालव म्हणाला. मांडवासमोर गाडी थांबली तेव्हा सगळी भावकी बाहेरच होती. हळदीचे हात घेऊन सुंदरबाई धावत आली. म्हातारा उतरेना. काच खाली करून त्याने तिला आधी मागच्या डाव्या, न कातरलेल्या चाकाकडे पाठवलं. मग अंगदला पाठवलं, मग व्याह्यांना. भुरीची आहे, पाठीवरची आहे, हात लावून बघा, असं तो सीटवरूनच सांगत होता. बघता बघता सगळा मांडव त्या चाकाभोवती वाकून उभा राहिला.

म्हाळू पळत पुढच्या दाराशी आला आणि दार उघडलं. म्हातारा एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून उतरला. मांडवातलं एकही तोंड त्यांच्याकडे नव्हतं. म्हाळूने इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि दार लावलं.

"हळू लाव," धोंडीराम म्हणाला. "आदळत जाऊ नगंस तिला."