माळवदाची माती

परातीत भाकरी अर्धीच थापून झाली होती. तवा तापून धूर सोडायला लागला, तरी रत्नम्माचा हात पिठावर तसाच थांबलेला.

“काय म्हणलीस? परत वाच बरं.”

दाराशी उभी राहून शिवलीला मोबाइलवर आलेले स्पर्धेचे नियम वाचून दाखवत होती. “घराच्या नमुन्याचं वजन पंचावन्न किलोच्या आत पाहिजे. जास्त भरलं तर टेबलावर चढवणारच न्हाईत, सरळ बाद. आपलं एक्कावन्न भरतंय, आई. वीट न् वीट मोजून लावलीय मी. तू कशाला घाबरतीस?”

भाकरी तव्यावर टाकताना तिचा काठ फाटला.

शिवलीला तिची एकुलती एक लेक, नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्या वर्षी दुष्काळ असा की लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. अहमदपुरात त्यांच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा फिरके. होस्टेलनंही मुलींना सांगून टाकलं, पाण्याची सोय होईस्तोवर घरी जा. म्हणून लेक आली ती विटांचे तुकडे, तारा आणि सिमेंटची पिशवी घेऊनच. शनिवारी नांदेडला कॉलेजांच्या मुलांची स्पर्धा होती. भूकंप, पूर आला तर काय करायचं त्याचे तक्ते मांडायचे आणि भूकंपात न पडणारं छोटं घर बांधून आणायचं. ते घर हलत्या टेबलावर ठेवणार. तक्ते दोघी मैत्रिणींकडे होते, घर शिवलीलाकडे.

अंगणात ते उभं होतं. दीड फूट लांब, फूटभर रुंद. पायाशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे सिमेंटचे तीन पट्टे, आत तार, वर पातळ स्लॅब. स्लॅबवर ओलं पोतं. “गुरुवार संध्याकाळपर्यंत पोत्याला कुणी हात लावायचा न्हाई,” अशी शिवलीलाची ताकीद होती.

आज गुरुवार. आणि पोत्याखाली काय आहे ते एकट्या रत्नम्माला ठाऊक होतं.

सोमवारी लेक फॉर्म द्यायला नांदेडला गेली होती. वैशाखाचं ऊन, पोतं तासाभरात कडक वाळे. पाणी मारायचं तर पाणी कुठलं? पोरीचा स्लॅब तडकणार, या धास्तीनं रत्नम्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात पांढऱ्या मातीचा ढीग पडला होता. त्यांचं स्वयंपाकघर जुन्या माळवदाचं, म्हणजे लाकडांवर मातीचं छत. दर उन्हाळ्यात त्यावर मातीचा नवा थर द्यावा लागे, नाहीतर पावसात चुलीवर गळे. सटवाजी गवंडी माती आणून टाकून गेला होता, पुढच्या सोमवारी चढवायला येणार होता. रत्नम्मानं त्यातली अर्धं घमेलं माती घेतली, ओंजळभर पाण्यात कालवली आणि स्लॅबवर दोन बोटं जाड थापली. तळहातानं गुळगुळीत केली, वर पोतं पसरलं. माती ओल धरते, छत थंड ठेवते, हे तिला तिच्या आप्पांनी, वडिलांनी, परकरी वयात शिकवलेलं. हात झटकताना बोटांतली पांढरी माती दिसली तेव्हा तिनं घाईनं हात पदराला पुसले. पण केलं ते केलं.

दुपारी तिचा नवरा शिवमूर्ती दुकानातून जेवायला आला. किराणा दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपेक्षा गप्पाच जास्त.

“उदगीर जिल्हा होणार म्हणे. अहमदपूर तिकडं जाणार का लातुरात राहणार, त्यावरनं शेषेराव अन् मलप्पा हमरीतुमरीवर आले.”

“मग तुम्ही काय म्हणलात, पप्पा?”

“मी म्हणलं, ज्याचा टँकर आधी येईल त्या जिल्ह्यात आपण.” तो हसला आणि बायकोकडे वळला. “वाढ की गं चटणी. हातात धरून काय बसलीस?”

“पप्पा, संध्याकाळी पोत्याचा काटा मोकळा ठेवा. माझं घर मोजायचंय.”

“साखरेची पोती मोजणारा काटा हाय तो. तुझं घर त्याला चिल्लर.”

रत्नम्मानं आपलं ताट बाजूला सरकवलं. संध्याकाळी वजन जास्त भरणार, आणि पोरीचे पंधरा दिवस तिच्याच हातानं मातीत जाणार.

जेवणं झाली. शिवलीला खोकं आणि सुतळी आणायला बापाबरोबर दुकानाकडे गेली. रत्नम्मानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, उलथणं घेतलं आणि पोतं उचललं. माती दगडासारखी बसली होती. तिनं हळूच टोचलं. टवका निघेना. जरा जोरानं मारलं, तर घराची भिंत थरथरली.

“आई!”

शिवलीला मोबाइल विसरली म्हणून परत आली होती.

“हे काय गं? माती? स्लॅबवर माती थापलीस?”

“तडकंल म्हणून... ऊन लई होतं गं.”

“अगं किल्लारीच्या भूकंपात लोकं ह्याच मातीखाली गेले! आमच्या तक्त्यावर पहिलंच वाक्य ते हाय. अन् माझ्या घरावर तूच...”

रत्नम्मा मटकन खाली बसली. शिवलीलाला वाटलं ऊन लागलं. ती पाणी आणायला वळली, तर आईनं तिचा हात धरला.

रत्नम्माचं माहेर औसा तालुक्यात. त्र्याण्णव साली गौरी-गणपतीला ती माहेरी गेली होती. आप्पा गेले ते भूकंपात, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून रत्नम्मा छताखाली झोपत नाही, थंडीतसुद्धा ओसरीबाहेर अंगणात अंथरूण टाकते, हेही माहीत होतं. शेजारणी थट्टा करत. पुढचं मात्र तिनं तेवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

“आप्पांच्या खाटेवर गळत होतं. चार दिवस आधी मी वर चढले. तीन टोपली माती नेली डोक्यावरनं. त्या कोपऱ्यात टाकली, पायानं दाबली. आप्पा खालनं म्हणत होते, रत्ना, अजून एक टाक. अन् ते तिथंच...”

शिवलीला आईपुढे उकिडवी बसली. “आई, तसल्या माळवदावर पंधरा-वीस हजार किलो माती असती. वर्षानुवर्षांची. भिंती दोन पदरी, मधी नुसता भराव, दोन्ही पदर बांधणारा लांब दगड न्हाई. तुझी तीन टोपली म्हणजे पन्नास-साठ किलो. त्यानं काय होतं?”

“पण ती माझी होती,” रत्नम्मा म्हणाली.

शिवलीलानं खाली पडलेलं उलथणं उचलून बाजूला ठेवलं.

ठोकून माती निघणार नव्हती. भिजवूनच काढावी लागणार होती, आणि घरात पिण्याची एक घागर आणि पूजेचा तांब्या, एवढंच पाणी. टँकर उद्या. रत्नम्मा आत गेली आणि पूजेचा तांब्याच घेऊन आली.

“आई, उद्याच्या पूजेला?”

“उद्या भस्म अन् बेल. महादेव समजून घेईल.”

धार धरून दोघींनी माती भिजवली. चमच्यानं, मग बोटांनी, थोडी थोडी खरवडली. संध्याकाळी शिवमूर्तीनं घर काट्यावर ठेवलं. काटा त्रेपन्नाजवळ थांबला. स्लॅबवर पांढरे ओरखडे राहिले ते राहिलेच. आत कुठं चीर गेली असेल का, ते आता टेबलच सांगणार होतं.

शनिवारी रत्नम्माही नांदेडला गेली. अॅपे रिक्षात घर मांडीला लावून बसली. प्रत्येक खड्ड्याला ती ते दोन्ही हातांनी धरत होती.

हॉलमध्ये लोखंडी टेबल मोटारीवर हलत होतं. त्यांच्या आधीचं, रंग दिलेलं सुरेख घर दुसऱ्या धक्क्यालाच पत्त्यांच्या बंगल्यासारखं खाली बसलं. मग शिवलीलाचं घर चढवलं. परीक्षकांनी छतावर बोट फिरवलं. “हे ओरखडे कसले?”

शिवलीलानं एकदा आईकडे पाहिलं. “माळवद होतं, सर. उतरवलं.”

टेबल हललं. पहिला धक्का, दुसरा. रत्नम्मानं डोळे मिटले. इष्टलिंगाची डबी मुठीत घट्ट धरली. तिसऱ्या धक्क्याला काहीतरी कडकन वाजलं आणि तिच्या घशातून आवाज निघाला. मोटार थांबली तरी तिला डोळे उघडवेनात.

“आई, बघ की.”

खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी चीर गेली होती. पट्ट्यापाशी येऊन ती थांबली होती. छत जागेवर होतं.

पहिला नंबर परभणीच्या मुलांना गेला, त्यांच्या घराला चीरही गेली नव्हती. शिवलीला परतीच्या वाटेवर जरा हिरमुसलेली होती. रत्नम्मा रिक्षाबाहेर बघत होती.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, स्वयंपाकघरावर पत्रे टाकू.”

“पत्र्याखाली भाजून निघशील उन्हाळ्यात.”

“निघू दे.”

रविवारी सकाळी लिंगपूजा उरकून रत्नम्मानं चपला घातल्या आणि ती सटवाजी गवंड्याच्या घरी निघाली. उद्या माती चढवायची नाही, आहे ती सगळी उतरवायला ये, हे सांगायला.