गादीवाल्यानं केलेली शाळेची चौकशी

चांदपाशा गादीवाला आमच्या पुंडलिकनगरात येतो तेव्हा आधी त्याचं मशीन ऐकू येतं आणि मग तो दिसतो. लोडिंग रिक्षाच्या मागं बसवलेलं कापूस पिंजायचं मशीन धडधडायला लागलं की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे गोळा करतात, कारण पुढचे दोन तास हवेत कापूस असणार. त्याचं दुकान गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आहे, पण उन्हाळ्यात तो दुकानात सापडत नाही. उन्हाळा म्हणजे गाद्यांचा मोसम. ऊन कडक असतं, लग्नाचे पाहुणे यायचे असतात आणि वर्षभर दबून बसलेला कापूस एकदा मोकळा करून घ्यायचा असतो.

आता गादी भरून घ्यायची एक रीत आहे. गादीवाला अंगणात बसला की घरातलं एक माणूस खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसतं. चांगला कापूस काढून घेतला आणि भलताच भरला तर काय घ्या, हा त्यामागचा विचार. तोंडानं असं कुणी बोलत नाही. "तुम्हाला पाणीबिणी लागलं तर असावं कुणीतरी," असं बोलतात. चांदपाशाचा आजा धनुकलीनं कापूस पिंजायचा, तेव्हाही लोक असेच समोर बसायचे. त्यामुळं या घराण्यात एक कला पिढीजात आलेली आहे. समोरच्या माणसाशी काम संपेपर्यंत बोलत राहायचं. गादीवाला गप्प बसला की समोरच्याची नजर त्याच्या हातांवर जाते. बोलत राहिला की ती तोंडावर राहते आणि टाके बरे पडतात.

पण बोलायला रोज नवं कुठून आणणार? म्हणून चांदपाशा सकाळच्या घरात ऐकलेलं दुपारच्या घरात देतो आणि दुपारचं संध्याकाळच्या. यात लबाडी नाही. कुणाचं गुपित तो सांगत नाही. कुठला डॉक्टर ताटकळत ठेवतो, कुठल्या गिरणीत दळण बारीक निघतं, कुणाकडं पाहुणे बघायला येऊन गेले, एवढंच. फक्त पिंजल्यावर कापूस फुगतो तशी त्याच्या तोंडून गोष्टही थोडी फुगते. हाताला लागलेलं वळण तोंडालाही लागलं, त्याला तो तरी काय करणार.

चांदपाशाला एकच मुलगी, लुबना. यंदा तिची सहावी झाली. त्याचं घर पुंडलिकनगराला लागूनच, आणि घराजवळच्या मनपाच्या मराठी शाळेत ती पहिलीपासून जाते. ही शाळा चांगली की वाईट, असा प्रश्न त्या घरात कधी उठला नव्हता. शाळा होती, पोरगी जात होती, विषय संपला. प्रश्न उठला तो ईदच्या दिवशी. चांदपाशाची बायको फहमिदा, तिची बहीण चितेगावहून आली आणि बहिणीच्या पोरीनं दारातूनच "गुड आफ्टरनून आंटी" म्हटलं. लुबनानं सलाम केला आणि शिरखुर्म्याची वाटी पुढं केली.

पाहुणे गेल्यावर फहमिदा म्हणाली, "सुने ना तुम? गांव की छोकरी अंग्रेजी बोल री, और अपनी शहर में रहके वाटी पकड के खडी."

"वाटी में शिरखुर्मा था," चांदपाशा म्हणाला. "अंग्रेजी बोल के उसने बी वोच खाया."

"मजाक नक्को. इस साल दाखला निकालो, इंग्लिश स्कूल में डालो."

आतून लुबनाचा आवाज आला, "मी नाही जाणार. सातवीला चारुता मॅडम आहेत."

या चारुता मॅडम गणित आणि विज्ञान शिकवायच्या. त्यांनी एकदा पोरांना मैदानात काठ्या रोवून सावली मोजायला लावली आणि तेव्हापासून लुबना अब्बाची टेप घेऊन घरातलं सगळं मोजत सुटली होती. फ्रिज झाला, आजीची पेटी झाली, शेजारची बकरी उभी राहीना म्हणून तेवढी अर्धीच राहिली. मॅडम असं म्हणाल्या आणि मॅडम तसं म्हणाल्या, हे ऐकून ऐकून फहमिदाला त्या न पाहिलेल्या बाईचाच राग यायला लागला होता.

मायलेकींच्या मध्ये सापडलेल्या माणसानं जे करावं तेच चांदपाशानं केलं. निर्णय लोकांवर टाकला. "मैं इत्ते घरां में जाता," तो म्हणाला. "लोगां को पूछता. लोगां जो बोलेंगे वो करेंगे."

"लोकांना काय माहिती?" लुबना म्हणाली. "मी जाते ना तिथं. मला विचारा."

"तू लहान हायेस," असं म्हणून त्यानं तो एक साक्षीदार पहिल्याच दिवशी बाद केला.

पहिली गादी यमुनाबाईंची होती. त्या आमच्या शेजारच्या. त्यांचा नातू हिमांशू एका खासगी शाळेत व्हॅननं जातो. खोळ उसवता उसवता चांदपाशानं विचारलं, "मावशी, त्या मनपाच्या शाळेबद्दल काय मत हाय तुमचं?"

यमुनाबाईंना मत विचारलेलं आवडतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "अहो, भाजीला मी रोज तिथूनच जाते. भिंतीचा रंग पार उडालाय. आणि भर अभ्यासाच्या वेळेला मुलं मैदानात. हातात काठ्या घेऊन उन्हात उभी असतात."

"ते सावली मोजत्यात, मावशी."

"सावली मोजून कुणाचं भलं झालंय? आमच्या हिमांशूच्या शाळेत बघा. एक मूल बाहेर दिसणार नाही."

"आतून पाहिली का तुम्ही ती शाळा?"

"आतून कशाला बघायची? बाहेरून कळतं की."

चांदपाशा स्वतः खोळ उसवल्याशिवाय आतल्या कापसाबद्दल एक शब्द बोलत नाही. पण मावशी पडल्या गिऱ्हाईक. त्यानं मान डोलावली आणि सुई ओवली.

दुसऱ्या घरात त्यानं यमुनाबाईंचं मत नेलं आणि तिथलं घेऊन तिसऱ्या घरात गेला. एक बाई म्हणाल्या, जिथं फी नाही तिथं शिक्षण कसलं. दुसऱ्या म्हणाल्या, खिचडी बरी असते असं कामवाली सांगते, पुढचं काही माहीत नाही. या दोघींचीही मुलं त्या शाळेत नव्हती. म्हणून चांदपाशानं गोकुळला गाठलं. गोकुळ रिक्षा चालवतो आणि त्याचा मुलगा लुबनाच्याच वर्गात आहे.

"शाळेत दम नाय राहिला," गोकुळ म्हणाला. "बाया मारीतच नाय. आमच्या टायमाला गुरुजी उलट्या हातावर छडी द्यायचे. म्हणून मला आजबी सतराचा पाढा येतो."

"म्हण बरं."

"आत्ता नको. शीटं भरायचीत." मग त्यानं जरा निरखून बघितलं. "पण चांदभाई, तुम्ही कशापायी विचारताय? लुबनाला काढताय व्हय?"

"बघू," चांदपाशा म्हणाला.

हे उत्तर गोकुळच्या रिक्षात बसून क्रांती चौकापर्यंत गेलं. दिवसभर ज्याला त्याला गोकुळ सांगत होता, की स्वतःची पोरगी तिथं असलेला माणूस शाळेची चौकशी करत फिरतोय, म्हणजे काहीतरी असणार. इकडं चांदपाशाचं रोजचं काम चालूच होतं. पहिल्या घरात शाळेच्या भिंतीचा रंग उडाला होता. चौथ्या घरापर्यंत भिंत पडायला आली. त्यापुढच्या घरात पोरांना अभ्यास सोडून उन्हात उभं करतात असं झालं, आणि हे सगळं तो "लोक म्हणत्यात" असं म्हणून सांगत होता. खोटं काहीच नव्हतं. लोक म्हणतच होते.

मे महिना निम्मा सरला आणि एका अंगणात समोर बसलेल्या बाईंनी त्यालाच सांगितलं, "ती शाळा बंद होणार आहे ना? पालक मुलं काढायला लागलेत." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत तेच. तिसऱ्या दिवशी खोळींचं कापड आणायला तो गुलमंडीत दुकानावर डोकावला, तर उशा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानंही तेच सांगितलं. चांदपाशा हादरला. एका घरातलं ऐकलेलं तो सहसा मनावर घेत नाही, पण इतक्या ठिकाणांहून आलेली बातमी खोटी कशी असेल? संध्याकाळी घरी येऊन त्यानं फहमिदाला सांगितलं, "तेरा खरा निकला. कल दाखला लाता मैं."

फहमिदाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण लुबना टेप गुंडाळून ठेवून भिंतीकडं तोंड करून पडली, आणि जेवायला उठली नाही.

सकाळी चांदपाशा शाळेत गेला. इतक्या वर्षांत तो फाटकाच्या आत फारसा कधी गेला नव्हता. पोरगी सोडायची आणि मशीन घेऊन कामावर जायचं, असाच त्याचा शिरस्ता. शाळेला सुट्टी होती, पण ऑफिसात मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

"दाखला पायजे होता, बाई," तो म्हणाला. "शाळा बंद होणार म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "येणारा प्रत्येक पालक मला हेच सांगतोय. कुणी एक गादीवाला आहे म्हणे. घरोघर जातो, त्याला आतलं सगळं कळतं, आणि त्यानं आपली मुलगी सगळ्यांच्या आधी काढली. मी शोधून शोधून थकले. पण गादीवाल्याची काढलेली मुलगी काही मला सापडत नाही."

चांदपाशानं बाहीला चिकटलेला कापूस काढून टाकला. मग म्हणाला, "अजून काढलेली नाय, बाई. आत्ता काढायला आलोय."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. तेवढी ताकदच त्यांच्यात उरली नसावी. त्यांनी त्याला बसवून समजावून सांगितलं. शाळा बंद वगैरे काही होणार नव्हती. पण यंदा सातवीत जाणारी बरीच मुलं दाखला घेऊन गेली होती. आणखी थोडी गेली की दोन तुकड्यांची एक होईल, एक शिक्षक जादा ठरेल आणि दुसऱ्या शाळेत जाईल. सगळ्यात नव्या चारुता मॅडम, तेव्हा जायच्या त्याच.

दाखला न घेताच तो घरी आला आणि घडलेलं सगळं बायकोला सांगितलं. फहमिदानं पूर्ण ऐकून घेतलं. "पूछने गये थे ना?" ती म्हणाली. "बता के आये."

मग आठवडाभर चांदपाशा उलटा फिरला. त्याच गल्ल्या, तीच अंगणं. शाळा बंद होत नाही, माझी पोरगी तिथंच आहे, असं सांगत सुटला. पण मतं परत गोळा करणं सोपं नसतं. यमुनाबाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "शाळेच्या गाद्यांचं काम मिळालं वाटतं?"

"मावशी, शाळेत कशाला गाद्या लागत्यात?"

"शिक्षकांना झोपायला," यमुनाबाई म्हणाल्या.

शाळा उघडायच्या आधी मोठ्या बाईंनी सातवीच्या पालकांची बैठक बोलावली. दाखला नेलेल्यांनाही निरोप गेला. चांदपाशा आला आणि त्याच्यासोबत फहमिदा आली. पालक म्हणून ती त्या शाळेत पहिल्यांदाच येत होती. येताना तिनं वर्ग पाहिले, पाण्याची टाकी पाहिली, मुलींच्या संडासात डोकावून आली आणि मग बाकावर बसली. ती काय ठरवून आली होती ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. घरी लुबना वाट बघत होती.

चांदपाशा उभा राहिला. "शाळा बंद होणार हे मीच फिरवलं," तो म्हणाला. "मुद्दाम नाय. बोलता बोलता झालं. शाळा चांगली का वाईट ते मला आजबी सांगता येणार नाय, मी सगळ्यांची मतं ऐकली अन् माझंच राहून गेलं. पण बंद होत नाय, एवढं पक्कं."

"आधी सांगायचं ना राव," मागून गोकुळ म्हणाला. "मी तर दाखला बी नेला. आता तुमची पोरगी कुठं जाणार ते सांगा."

चांदपाशानं बायकोकडं बघितलं. फहमिदानं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती चारुता मॅडमकडं बघत होती. मॅडम तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच लहान निघाल्या.

"मॅडम," फहमिदानं विचारलं, "तुमचा बच्चा कुठं जातो शाळेत?"

मोठ्या बाईंनी मान खाली घातली. चारुता मॅडम म्हणाल्या, "खासगी शाळेत. इंग्रजी माध्यमात. सासूबाईंच्या घराजवळ आहे ती, माझ्या नोकरीला सोयीचं पडतं. आणि खरं सांगायचं तर घरात सगळ्यांना तीच हवी होती."

"घ्या," गोकुळ म्हणाला.

फहमिदानं त्याला हातानं थांबवलं. "मग तो तिथं जास्त शिकतो का लुबना इथं?"

मॅडमनी विचार केला. "तो लहान आहे अजून. पण त्याच्या शाळेतली सातवीची शेजारची मुलं अडलं की गणिताची वही घेऊन माझ्याकडं येतात. लुबना त्यांच्या पुढं आहे. इंग्रजी बोलण्यात ती मुलं पुढं आहेत."

"इंग्रजी तुम्ही शिकवाल?"

"माझं स्वतःचं बेताचं आहे. रोज थोडा वेळ मुलांना इंग्रजीत बोलायला लावीन. चुकू आम्ही सगळेच."

मोठ्या बाईंना हे उत्तर फारसं आवडलं नसावं. फहमिदानं पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली. "महिना झाला, या शाळेबद्दल लोक बोलतायत," ती म्हणाली. "आमच्या घरातला माणूस सगळ्यात जास्त. पण आपल्या घरचं खरं सांगणारी ही पहिली बाई भेटली. लुबना इथंच राहील."

शाळा उघडली तेव्हा गोकुळनं रिक्षातून मुलाबरोबर दाखलाही परत आणून दिला. गेलेली काही मुलं परत आली, काही आली नाहीत. आली तेवढ्यांत सातवीच्या दोन तुकड्या टिकल्या आणि चारुता मॅडमही. यमुनाबाईंचं मत होतं तसंच आहे.

चांदपाशाला आता कुणी शाळेबद्दल विचारलं तर तो हातातली सुई खोळीत खोचून ठेवतो, बायकोला फोन लावतो आणि विचारणाऱ्याच्या हातात देतो. फहमिदाचं उत्तर ठरलेलं असतं.

"मॅडम चांगली आहे. पाण्याची टाकी घाण आहे, मुलींच्या संडासाला कडी नाही. सोमवारी मी बोलायला जाणार आहे. तुम्ही पण या."