फुलांसारखा जपलेला कॅमेरा

मखमलाबादची आक्काबाई बोलायला लागली की गणेशवाडीच्या फुलबाजारात गिऱ्हाईक निशिगंधाचा भाव करायचं विसरायचं. त्यातून विषय लेकीचा निघाला तर विचारूच नका. संध्या कॉलेज सांभाळून फोटोग्राफीच्या क्लासला जाते, हे अख्ख्या बाजाराला तोंडपाठ होतं. नव्याण्णव साल होतं ते. मळ्यातली पोर लग्नांत फोटो काढत हिंडणार म्हणून चुलत दीर धोंडीरामने नाक मुरडलं, तशी आक्काबाई जास्तच इरेला पेटली.

क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, शिकायला साधा, हाताने चालणारा एसएलआर कॅमेरा घे, जुना असला तरी चालेल. मग मायलेकी मेन रोडला यादवशेठच्या दुकानात गेल्या. यादवशेठ वापरलेले कॅमेरे दुरुस्त करून विकायचे. त्यांनी काचेवर दोन ठेवले. एक चकचकीत, फ्लॅश, लेन्स सगळं अंगातच बसवलेलं, नुसतं बटण दाबायचं. दुसरा जड, धातूचा, कोपऱ्यांवरचा काळा रंग पार उडालेला.

आक्काबाईचा जीव अर्थातच चकचकीतावर जडला. मांडवात चार माणसं बघणार, तिथे पोरीच्या हातात असलं भंगार शोभेल का? संध्याने मात्र जुना उचलून डोळ्याला लावला आणि खाली ठेवीच ना. सेल संपला तरी याचं बटण दबतं, उजेड किती घ्यायचा ते आपण ठरवायचं, त्यातूनच हात बसतो, आणि याची लेन्स काढून दुसरी लावता येते, असं ती आईला समजावत राहिली. निघणाऱ्या वस्तूचा काय भरवसा, असं आक्काबाई पुटपुटली खरी, पण लेकीचा चेहरा बघून कमरेची पिशवी तिने सोडलीच.

निघताना यादवशेठनी बजावलं, मावशी, उन्हात ठेवू नका, गार जागी ठेवा. आता गार ठेवणं आक्काबाईला कोणी शिकवावं? फुलं गार ठेवण्यातच जन्म गेला होता तिचा.

परीक्षा जवळ आली तशी संध्या अभ्यासाला बसली आणि कॅमेरा आईच्या ताब्यात गेला. ऊन मी म्हणत होतं. आक्काबाईने काय करावं? मोगऱ्याच्या कळ्या ठेवायची ती पाटी घेतली, ओलं फडकं अंथरलं, त्यात कॅमेरा ठेवला, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि पाटी माठाखाली सरकवली. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी शिंपडायची. स्वतःचं जेवण विसरेल, पण ते नाही.

त्याच दिवसांत तिने लेकीसाठी पहिलं कामही मिळवलं. इंदिरानगरातल्या एका लग्नाची फुलं तिच्याकडे होती. नवरीच्या वडिलांच्या मागे लागून लागून तिने फोटोही संध्यालाच द्यायला लावले. या लग्नाचे फोटो बिघडले असते तर धोंडीरामला बोलायला जागा झाली असती आणि पोरीला दुसरं काम कोणी दिलं नसतं.

परीक्षा संपली. लग्न तोंडावर आलं, तेव्हा संध्याने कॅमेरा मागितला. आक्काबाईने कौतुकाने पाटी पुढे केली. गोणपाट निघालं आणि संध्याचा चेहरा उतरला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. बुरशी. पोरीने कॅमेरा कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि आईला घेऊन ती यादवशेठकडे निघाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं आक्काबाईला झालं.

यादवशेठनी लेन्स फिरवून काढली, कॅमेरा उघडून उजेडात धरला, बटण दाबून पाहिलं. आक्काबाईचा जीव टांगणीला लागला होता.

"मावशी, कॅमेरा धडधाकट आहे. ओलाव्याने लेन्स तेवढी गेली. तो चकचकीत घेतला असता ना, तर अख्खा टाकावा लागला असता."

त्यांनी कपाटातली एक जुनी, स्वच्छ लेन्स बसवून दिली. खराब झालेली लेन्स आक्काबाई नजरेआड करायला निघाली होती, ती संध्याने तिच्या हातातून काढून घेतली. का, ते सांगितलं नाही, आणि विचारायची आईची हिंमत झाली नाही.

लग्न झालं. फोटो असे आले की नवरीच्या वडिलांनी धाकट्या लेकाचंही लग्न संध्याला सांगून टाकलं. मग कामाला काम लागत गेलं. दोन हजार पाचला इंदिरानगरात तिचा स्वतःचा स्टुडिओ उघडला. तोरण अर्थातच आक्काबाईच्या हातचं.

उद्घाटनाला सगळी भावकी आली होती. काचेच्या कपाटात तो जुना कॅमेरा होता आणि शेजारी, मखमलीवर, ती बुरशीची लेन्स. धोंडीरामने नेमकं त्या लेन्सकडेच बोट करून विचारलं, हे खराब भिंग कशाला मांडलंय? आक्काबाई मान खाली घालून उगाच तोरणाची फुलं सारखी करू लागली.

"काका, ती आईने जपलीय," संध्या सगळ्यांदेखत म्हणाली. "मोगऱ्याच्या पाटीत, रोज पाणी शिंपडून. माझ्या कामाला एवढं कोणीच जपलं नाही."

धोंडीरामने बोट मागे घेतलं. आक्काबाईने पदराने डोळे पुसले, आणि बोलकी असूनही तिला त्या दिवशी शब्द सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र सापडले. गणेशवाडीत पाट्या उतरायच्या आधीच ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "आमच्या संध्याच्या स्टुडिओत जाऊन बघा. माझ्या हातची बुरशी मखमलीवर ठेवलीय पोरीनं."