वखारीमागची वीज

माझी मावशी कुणाचं वाईट चिंतत नसे असं कुणी म्हणालं, तर समजावं की तो तिला ओळखत नव्हता. मावशी एका माणसाचं वाईट चिंतायची, रोज चिंतायची, आणि त्या कामात तिने कधी अंगचोरपणा केला नाही. तो माणूस म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी लाकडाची वखार असलेला वखारवाला.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, अग्निशमन दलात बंबाचा ड्रायव्हर होता. एका उन्हाळ्यात वखारीमागून वणवा उठला आणि बघता बघता डोंगरावर चढला. काका बंब घेऊन गेला, मध्येच वारा फिरला आणि तो परत आलाच नाही. चौकशीत वखारवाल्याने सरळ सांगितलं, वीज पडली. त्या दिवशीच्या हवामानाच्या अंदाजात विजांची शक्यता छापलेलीच होती, संध्याकाळी दोन-चारदा गडगडलंही होतं. दलाच्या साहेबांना तेवढं पुरलं. पण मावशी त्या दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने धूर आधी पाहिला होता, ढग नंतर. भर उन्हाळ्यात, जाळायला बंदी असताना, वखारवाल्याने भुशाचा ढीग पेटवून दिला होता. तिने हे सांगितल्यावर साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो."

वखारवाला तर घरी भेटायला आला. "वहिनी, आभाळापुढे कुणाचं काय चालतं?" म्हणाला आणि डोळे पुसले. मावशीने त्याला चहा दिला. त्या चहाचा राग मला अजून आहे.

पुढे दलाने डोंगरावर टेहळणीचा मनोरा बांधला, तेव्हा मावशीने ती नोकरी मागून घेतली. नवऱ्याच्या आठवणीने घेतली, असं लोक हळहळून म्हणायचे. कसली आठवण! मनोऱ्यावरून वखारीचं अंगण तळहातासारखं दिसायचं.

वरती चारी बाजूंनी काचांची एक खोली. मध्ये गोल टेबलावर नकाशा आणि त्यावर फिरणारी पट्टी. धूर दिसला की पट्टी तिकडे रोखायची, दिशा वाचायची आणि वायरलेसवर खाली कळवायचं. गडगडायला लागलं की काचेच्या पायांच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसायचं, म्हणजे मनोऱ्यावर वीज पडली तरी अंगात उतरत नाही. कळवण्याचीही एक रीत होती: जागा, धुराचा रंग, वारा आणि शेवटी कारण. कारण डोळ्यांनी पाहिलं असेल तरच सांगायचं, नाहीतर ‘दिसलं नाही’ म्हणायचं. अंदाजपंचे काही बोलायचं नाही. मावशीच्या शब्दावर साहेब डोळे मिटून सही करायचे. हे मला पक्कं माहीत, कारण खाली वायरलेसवर बसून तिचा निरोप घेणारी मीच होते.

लोक राशिभविष्य वाचतात तसा मावशी उन्हाळ्याचा अंदाज वाचायची. मग एका वर्षीचा अंदाज आला आणि तिचा चेहराच उजळला. नेहमीपेक्षा कडक ऊन, आदल्या पावसाने माजलेलं आणि आता वाळून कोरडंठाक झालेलं गवत, पाऊस कमी आणि विजा जास्त अशी वादळं, वणव्याचा धोका मोसम संपेपर्यंत. ऑफिसात सगळे धास्तावले. मावशी मात्र दुर्बिणीची काच पुसत म्हणाली, "यंदा सापडतोय बघ हा." कारण वखारवाला काही सुधारला नव्हता. अधूनमधून भुसा जाळायचा, मावशी कळवायची, साहेब समज द्यायचे आणि तो कान पकडून हसत बाहेर पडायचा. आम्ही दोघी दात-ओठ खात बसायचो.

आणि मग तो दिवस आला. अंदाजात नुसती उष्णता होती, वादळाचं नाव नव्हतं. दुपारी डोंगरामागून एकच काळा ढग वर आला. आमच्या ऑफिसातल्या पंख्यांच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. नंतर कुणी म्हणालं एकदा गडगडलं, कुणी म्हणालं छे, कुठेतरी ट्रक रिकामा केला असेल. थेंबभर पाऊस पडला नाही हे मात्र खरं. थोड्या वेळाने मावशीचा आवाज आला.

"वखारीमागे धूर. पांढरा, बुडाशी काळा. वारा वखारीकडे."

"कारण?" मी विचारलं.

वायरलेस खरखरला. "दिसलं नाही."

वीज पडली असती तर मावशीच्या नजरेतून सुटली नसती. म्हणजे भुसाच! मी बंब सोडला आणि, खोटं कशाला बोलू, मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बंब पोचला तेव्हा आग वखारीत शिरून बसली होती. ओंडक्यांची एक थप्पी ढासळली आणि बंबाचा ड्रायव्हर, काकाच्याच जागेवर आलेला तरणा माणूस, खाली सापडला. जिवावरचं हातांवर निभावलं, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वखारीची राख झाली. आता नुसती समज देऊन भागणार नव्हतं, वखारवाला तुरुंगात जाणार असं सगळे उघड बोलायला लागले.

चौकशीच्या आधी तो मनोऱ्यावर आला. मी मावशीचा डबा घेऊन वर गेले होते. आयुष्यात लाकडाची फळी न उचललेला तो माणूस जिना चढून धापा टाकत दारात उभा राहिला. मावशीने त्याला बस म्हटलं नाही. चहाचं तर नावच नाही.

"वहिनी, खरंच वीज पडली हो. मागच्या वाळक्या झाडावर. तुम्हाला इथून दिसलीच असणार."

"मी कळवायचं ते कळवलंय."

"होते चूक माणसाची. डोळे दिपले असतील, लक्ष दुसरीकडे असेल. तुमचा एक शब्द, वहिनी. तुम्ही म्हणालात तर मी सुटेन."

मावशी नकाशावरची पट्टी उगाच फिरवत होती. "ह्यांच्या वेळी पडली होती का वीज?"

तो खाली वखारीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही."

"मग?"

"मी पेटवला होता भुसा. वाटलं, पसरायच्या आत विझेल."

"हे खाली सगळ्यांसमोर सांगा. मग बघू."

"सांगितलं तर तुम्ही माझ्या बाजूने..."

"मग बघू म्हटलं ना!"

तो गेल्यावर मी म्हणाले, "काय निर्लज्ज आहे! परत तीच वीज." मावशी दुर्बिणीची काच पुसायला लागली.

चौकशी दलाच्या हॉलमध्ये झाली. बायका-माणसं खिडक्यांपर्यंत दाटली होती. वखारवाला उभा राहिला आणि त्याने खरोखर सांगितलं. काका गेला त्या वर्षी वीज पडली नव्हती, भुसा मी पेटवला, खोटंही मीच बोललो. त्याची बायको पहिल्या रांगेतून उठली आणि त्याच्याकडे न बघता बाहेर निघून गेली. "पण या वेळी वीजच होती," तो घाईघाईने म्हणाला. "विचारा वहिनींना."

साहेबांनी मावशीला विचारलं, "तुम्ही वीज पाहिलीत?"

मावशीने चष्मा काढून पुसला, परत लावला. "कळवलंय तेच. दिसलं नाही."

"वहिनी!" तो ओरडला. नुसतं तेवढंच. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतकी वर्षं ज्या तोंडाने तो साळसूदपणे हसत होता ते तोंड आता उघडं ते उघडंच राहिलं होतं, आणि मी ते पोटभर पाहून घेतलं.

बाहेर पडताना ड्रायव्हरच्या बायकोने मावशीला गाठलं आणि मिठीच मारली. "ताई, तुम्ही लगेच कळवलंत म्हणून हे वाचले. जरा उशीर झाला असता तर माझं काय झालं असतं?"

मावशीचा चेहरा उतरला. रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली. मला वाटलं, ऊन लागलं. मी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"वीज पडली होती," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत. झाड उभं चिरलं."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी म्हणाले, "बरं केलंस. त्याला असंच पाहिजे होतं." हे मी मनापासून म्हणाले.

"त्याचं नाही गं मला काही. तो सडो तिकडे." "झाड पेटलं, तेव्हा एक बादली पाणी पुरलं असतं. मी वायरलेस उचलला आणि तसाच हातात धरून बसले. म्हटलं, वखारीला धरू दे. छपराला धरलेलं दिसलं, मग बटण दाबलं."

फाटकापाशी ड्रायव्हर उभा होता. हात बँडेजात होते, म्हणून बायको त्याला बाटलीने पाणी पाजत होती. आमच्याकडे बघून तिने हसून मान हलवली. मावशी उठली आणि परत हॉलकडे निघाली.

मी तिचा दंड धरला. "मावशी, वेडी आहेस का? तो सुटेल."

"सुटू दे."

"काकाला मारलंय त्याने!"

"माहितीये मला. हात सोड."

मी सोडला नाही, तिने सोडवून घेतला. आत जाऊन तिने साहेबांना विजेचंही सांगितलं आणि हातात धरून ठेवलेल्या वायरलेसचंही. वखारवाला सुटला. जुन्या प्रकरणाला आता काही करता येत नाही, म्हणाले साहेब. तो बायकोशिवाय आणि वखारीशिवाय कुठेतरी निघून गेला. त्याचं भलं होऊ नये असं मला आजही वाटतं. मावशीची नोकरी त्याच दिवशी गेली. ड्रायव्हरच्या घरी ती डबा घेऊन जाते. त्याची बायको दार उघडते, डबा घेते, आणि तिच्याशी एक शब्दही न बोलता दार लावून घेते.