हात मागे बांधणाऱ्या विमलताई

विमलताई आमच्या शाळेत बदलून आल्या त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून. मी गणित शिकवत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानाकडे पाहिलेसुद्धा नाही. मुख्याध्यापकांकडे मागच्या रिकाम्या खोलीची किल्ली मागितली. खेळाच्या बाईंना मैदान नको, खोली हवी, हे ऐकून माझे कान टवकारले. उन्हातले काम चुकवायची ही युक्ती आहे, असे मी शिक्षकांच्या खोलीत बोललेही. ते त्यांच्या कानावर गेलेच. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्यापुढे शेंगदाण्याची चटणी सरकवली आणि म्हणाल्या, "खा वं बाई. ऊन लई हाय, ते काय खोटं नाय." त्या दौलताबादजवळच्या शेतकरी घरातल्या, बोलणे शेवटपर्यंत तसेच राहिले. चटणी चांगली होती, पण त्या चटणीमागेही काहीतरी असणार असे मला वाटले.

गौरवग्रंथात सगळेच गोड लिहितात, म्हणून हे आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर जास्त दिली तर मी जुडी उलटून पाहते. विमलताईंच्या पंच्याहत्तरीचा लेख समितीने मागितला तेव्हा मी ठरवले, जे स्वतः तपासले तेवढेच लिहायचे.

त्या खोलीत लहान मुलांचे खेळ चालत. मुले भिंतीच्या कडेने घोरपडीसारखी सरपटत, पोट वर करून खेकड्यासारखी चालत. गोधडीवर पाय उचलून बसायचे आणि दुसऱ्याने गोधडी ओढायची, याला होडी म्हणत. चिंचोक्यांची पिशवी डोक्यावर ठेवून शहाबादी फरशीच्या सांध्यावरून चालणे आणि एका पायावर बगळा होऊन उभे राहणे हे अवघड खेळ. पोट-पाठ घट्ट झाली की तोल आपोआप येतो, असे ताई पालकांना सांगत. मला तो सगळा पोरखेळ वाटे.

त्याच वर्षी माझी मुक्ता बालवाडीत होती. ती बसल्या जागी कलंडायची, चालता चालता पडायची, पाटीवर लिहिताना छाती टेबलावर टेकवायची. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आजार काही नाही, अंगात जोर कमी आहे, खेळू द्या. मी मात्र तिला कडेवरून खाली उतरवत नसे. मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितले, बाकावर ताठ बसता आले नाही तर तिला पहिलीत घेणार नाही, आणखी एक वर्ष बालवाडीतच ठेवू. पोरीला घेऊन मी कुणाकुणाकडे गेले नाही! शेवटी विमलताईच म्हणाल्या, "उन्हाळाभर माझ्याकडं सोडा. पण तुम्ही आत यायचं नाय." ही अट ऐकल्यावर माझी झोपच उडाली. लपवण्यासारखे काही नसेल तर दार कशाला बंद?

त्यात एकदा क्रांती चौकात गादीवाले हमीदभाई भेटले. हसत म्हणाले, "मॅडम, तुमारी विमलबाई फिर गादी भरने बोली. उस कमरे में बच्चे गिरनेकूच आते क्या?" मी तशीच रिक्षा करून शाळेत गेले.

खिडकीची एक फळी सैल होती, तिच्या फटीतून मी आत डोकावले. आत सगळीकडे गाद्या अंथरलेल्या. मुक्ता बगळा होऊन उभी होती, एक पाय वर, अंग थरथरत होते. हाताच्या अंतरावर विमलताई उभ्या, दोन्ही हात पाठीमागे, जणू पाहणीला आलेल्या साहेबीणबाई. मुक्ता डुलली, सावरली, पुन्हा डुलली आणि आडवी झाली. ताईंचा हात हलला नाही. रडत मुक्ता पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. ताई तशाच.

मी दार ढकलून आत गेले. "तुम्हाला हात नाहीत का?" मी ओरडलेच.

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. साडीचा पदर त्यांनी दोन्ही मनगटांभोवती गुंडाळला होता आणि टोक मुठीत आवळून धरले होते. मनगटांवर लाल वळ उठले होते.

"हायत ना हात. म्हणून तर बांधलेत," त्या म्हणाल्या. "सुटे ठेवले की तिच्या पोटाआधी माझे हातच धावतेत. मग तिला जोर कवा यायचा? तुमचे बघा कुठं गेलेत."

माझे दोन्ही हात मुक्ताकडे पसरलेले होते. मी ते मागे घेतले आणि गादीवर बसून मांड्यांखाली दाबून ठेवले. फार जड गेले ते. मुक्ताने डोळे पुसले, भिंतीला न धरता उठली आणि पाय वर घेतला. त्या दिवशीही ती पडलीच, पण मी उचलले नाही. शाळा उघडली तेव्हा ती पहिलीच्या बाकावर टेबलाला न टेकता बसली. मुख्याध्यापकांनी पाहिले आणि ते पुढच्या वर्गात गेले.

संशय घेतल्याचे मला वाईट वाटत नाही. तो घेतला नसता तर ते वळ मला कधी दिसलेच नसते. ताईंनी कुणाला सांगितले नसते. शहरातल्या कितीतरी पालकांनी त्यांना निष्ठुर म्हटले, त्यांनी ऐकून घेतले. मुक्ता आज दौलताबादचा किल्ला चढताना माझ्यासाठी थांबते. ताईंविषयी मला इतकी माया वाटते की ती लिहिताना मला माझाच संशय येतो.

आता समितीला एक विनंती. ताईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, म्हणून सत्काराच्या व्यासपीठावर त्यांना दोघांनी धरून न्यायचे ठरले आहे असे कळले. परवा त्यांच्या घरी मुक्ता त्यांना उंबऱ्यावर आधार द्यायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मागं घे हात. अजून मी हाय." तेव्हा कुणी धरू नये.

विमलताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आयुष्य भरपूर लाभो आणि तुमची पावले तुमचीच राहोत. व्यासपीठाच्या पायऱ्या तुम्ही सावकाश चढा. मी आणि मुक्ता एक पायरी खाली उभ्या असू. आमचे पदर आमच्या मनगटांभोवती गुंडाळलेले असतील, आणि या वेळी वळ आमच्या हातांवर उठतील.