ओटीतली काठी

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात काठी या वस्तूचा आमच्या व्याह्यांइतका विचार कोणी केला नसेल, गुराख्यांनीसुद्धा नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, राहणार दारव्हा. सगळा जन्म जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर म्हणून गेला. मग कापसाचे वाईट दिवस आले, मालकाने जिनिंगला कुलूप घातलं आणि हे आपले पाने-पकडी घेऊन घरी आले. रिकामा फिटर घरात असणं म्हणजे काय, ते माझ्या लेकीला विचारा. धड चालणारा पंखा हे खोलून बसायचे, का तर म्हणे आवाज फार शहाण्यासारखा येतो, आत काहीतरी दडलेलं असणार. कुकरची शिट्टी त्यांनी अशी सुधारली की शेजारच्या घरातले लोक आपला भात उतरवायला धावायचे.

त्याच सुमारास विहीणबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने हातात काठी दिली आणि वाकायला सक्त मनाई केली. आता काठीचं असं आहे की चालताना ती लक्ष्मणासारखी सोबत असते, पण माणूस बसला की तिचं करायचं काय? भिंतीला टेकवली तर सरकते, पलंगाला लावली तर पडते, आणि पडली की उचलायला वाकावंच लागतं. एकदा अशीच पडलेली काठी घ्यायला विहीणबाई वाकल्या, तोल गेला, सुनेने धरलं म्हणून वाचल्या. पण भीतीने घर केलं ते केलंच. त्या पलंगावरून उठेचनात. "मी नाई जात आता कुठी," म्हणाल्या, "सीतादहीले बी नाई."

हे मात्र व्याह्यांच्या जिव्हारी लागलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा निवेद ठेवायचा, पूजा करायची आणि घरच्या बाईने पहिली बोंडं वेचायची, ही आमच्याकडची सीतादही. लग्न होऊन आल्यापासून विहीणबाईंनी ती कधी चुकवली नव्हती. शेत होतं लहानसंच, पण तिथलं पहिलं बोंड त्यांच्याच हातचं. "वेचणीपर्यंत इची काठी हाताशी आली पायजे," व्याह्यांनी जाहीर केलं, "मंग पाहू कशी नाई म्हनते ते."

आणि घराचा कारखाना झाला. पलंगाच्या पायाला डालड्याचा डबा ठोकला, काठी त्यात उभी राहायला. राहिली, पण काढताना डबाही बरोबर निघाला. मग जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक काढून काठीला बसवलं. ते कपाटाला असं चिकटलं की काठी सोडवायला दोन माणसं लागली. मग छताला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला काठी. दोरी ओढली की काठी वरून खाली यायची, थेट डोक्यात. माझ्या जावयाच्या कपाळावर टेंगूळ आलं तेव्हा कप्पी उतरली. देवघर, मोरी, ओसरी, जिथे तिथे खुंट्या ठोकल्या, त्याही सगळ्या स्वतःच्या उंचीला. विहीणबाई चणीने एवढ्याशा. खुंटीवरची काठी त्यांना खालून नुसती पाहता यायची.

घरी आलेल्या पाहुण्याची तर धडगत नसे. मी गेले की पाणी देण्याआधी मला पलंगावर बसवायचे. "ईनबाई, डोये मिटा. आता हात लांबवा. लागली का काठी?"

"चहा लागला असता तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

"थांबा ना जी. अंधारात सापडते का, ते पाहून राह्यलो."

त्या दिवशी मी वैतागलेच होते. व्याही-विहिणीत थोडी टोलेबाजी चालतेच आमच्याकडे, तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले, "एवढा जीव टाकताय तर बांधून द्या ना त्यांच्या कमरेलाच, तलवारीसारखी."

व्याही ताडकन उठले. मला वाटलं, रागावले. तर आतून विहीणबाईंची ओटी घेऊन आले. कापूस वेचताना बाया कमरेला जे फडकं झोळीसारखं बांधतात, ती ओटी. "कमरेलेच तं असते हे," ते पुटपुटले, "अन् मी भिताडं फोडून राह्यलो." जिनिंगमधल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून त्यांनी ओटीच्या बाजूला कडी शिवली आणि काठी तीत अडकवून पाहिली. काठी लटकली, हात मोकळे. आनंदाच्या भरात ते स्वतःच ओटी बांधून गल्लीत दोन फेऱ्या मारून आले. शेजारीपाजारी दारात आले होते, त्यांचं यांना भानच नव्हतं.

सीतादहीला मी मुद्दाम गेले. विहीणबाई घाबरत घाबरत, पण आल्या. वेचणाऱ्या बाया त्यांना पाहून हसल्या, "काकू, लढाईले चालल्या काय?" त्याही हसल्या. पूजा झाली, दहीभात ठेवला. त्यांनी काठी कडीत अडकवली आणि दोन्ही हातांनी पहिलं बोंड वेचलं. मग दुसरं, तिसरं. मला रडू आलं, उगीच लपवत नाही. व्याही मात्र नुसती काठी पाहत होते. "पाहा, हालते का? नाई हालत."

परत निघताना वाटेत उंच धुरा, म्हणजे शेताचा बांध, आला. विहीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हात द्या."

व्याह्यांना तो आपल्या शोधाचा अपमान वाटला. "काठी हाये ना कमरेले. कायले पायजे हात?"

"काठी हाये," त्या म्हणाल्या, "तुमी हात द्या."

व्याह्यांनी काठीवरची नजर काढली. हात पुढे केला, आणि धुरा ओलांडून झाल्यावरही बैलगाडीपर्यंत सोडला नाही.

पुढच्या हंगामात सगळ्यांसारखं त्यांनीही सोयाबीन पेरलं. कापूस परवडत नव्हता. सोयाबीनला वेचणी नाही, सीतादही नाही, आणि विहीणबाई पुन्हा पलंग धरून बसल्या. परवा व्याही माझ्याकडे आले ते कपाशीचं बी घेऊनच.

"धुऱ्याकाठी दोन ओयी लावतो म्हनतो, ईनबाई," ते म्हणाले. "पोरगा हासते. हासू दे. तिले शेतात न्यायले काही तं पायजे ना."